थारच्या आधी तांडा: कळमनुरीच्या कच्च्या रस्त्यांची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

[००:००]

हेडफोन लावा, आवाज थोडा वाढवा, आणि गाडी चालवत असाल तर नजर रस्त्यावरच ठेवा. कारण आजचा विषयच रस्ता आहे. तोही कच्चा, खडीचा, मुरमाचा, पावसात गायब होणारा आणि उन्हाळ्यात पुन्हा सापडणारा.

मोबाइल उघडला की आजकाल एक रील हमखास दिसते. डोंगर, उडणारी धूळ, मध्ये एक लाल नाहीतर काळी फोर बाय फोर गाडी, मागे दणदणीत गाणं आणि खाली लिहिलेलं असतं, 'जिथे रस्ता संपतो तिथून आमचा प्रवास सुरू होतो.' ऐकायला भारी वाटतं. पण एक साधा प्रश्न विचारू का? ती गाडी ज्या वाटेवरून चाललीय, ती वाट तिथे आली कशी? कुणी पाडली, कुणी तुडवली, तिची खडी कुणी फोडली?

हा प्रश्न घेऊन आज आपण हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीला जाणार आहोत. अकोला, वाशीम, हिंगोली करत नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग कळमनुरीवरून जातो. आपल्याला महामार्ग सोडून आत शिरायचंय. एका बाजूला कयाधू नदी, दुसऱ्या बाजूला पैनगंगा आणि तिच्यावरचं इसापूर धरण, पलीकडे पुसदचे डोंगर. मधल्या माळांवर वाड्या, तांडे, आंध आदिवासींची गावं. इथल्या वाटा समजल्या तर महाराष्ट्राच्या रस्त्यांचा बराचसा इतिहास समजतो.

[०२:१०] दोन हजार वर्षांपूर्वीचं ऑफ-रोडिंग

मराठवाड्यातल्या रस्त्यांबद्दलची एक फार जुनी नोंद एका ग्रीक भाषेतल्या पुस्तकात आहे. 'पेरिप्लस' त्याचं नाव, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही, पण तो समुद्री व्यापारातला माणूस होता हे नक्की. तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथला माल, म्हणजे मौल्यवान दगड, कापड वगैरे, गाड्यांमधून भडोचला जातो. आणि पुढे तो एक गोष्ट नोंदवतो: या गाड्या रस्ताच नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून जातात!

म्हणजे बघा, ऑफ-रोड हा शब्द जन्माला यायच्या एकोणीसशे वर्षं आधी आपल्याकडचे गाडीवान तेच करत होते. हौस म्हणून नाही, दुसरा मार्गच नव्हता म्हणून.

सह्याद्रीत मात्र चढ इतका उभा की गाडीचं चाक चालायचंच नाही. तिथे लागायचा घाट. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहन काळातला. तिथल्या गुहेत राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. घाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे, आणि जकातीची नाणी त्यात टाकायचे असं परंपरा सांगते. टोलनाक्यावर वैतागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही, की टोल ही काही आजची गोष्ट नाही.

[०४:३०] माती ठरवते वाट कुठून जाणार

आता जरा जमिनीकडे बघू, कारण ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

कळमनुरीचा परिसर दख्खनच्या पठारावर येतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि काळा बसाल्ट खडक तयार झाला. तो झिजून दोन गोष्टी झाल्या. उंचवट्यावर मुरूम आणि सखल भागात काळी माती. काळी माती कापसाला आणि सोयाबीनला चांगली, पण चाकाची वैरी. पाणी पडलं की फुगते, चिकटते. टायरच्या खाचा दोन मिनिटांत भरतात आणि तुमचं महागडं टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतं. मग चारही चाकांना ताकद मिळू द्या, चारही जागेवर फिरणार. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि बैलगाडीची चाकोरी दगडासारखी घट्ट होते.

म्हणून जुन्या लोकांनी काय केलं? वाट शक्यतो माळावरून, पाणलोटाच्या कडेकडेनं नेली. अंतर थोडं वाढलं तरी चालेल, पण पायाखाली मुरूम पाहिजे आणि ओढे कमी ओलांडावे लागले पाहिजेत. आज ड्रोनमधून ज्या वळणदार वाटा 'सीनिक' दिसतात, त्यांतल्या पुष्कळ वाटांचं वळण असं मातीनं ठरवलेलं असतं.

[०६:२०] दहा हजार बैलांचा ताफा

या वाटांचे खरे उस्ताद कोण? बंजारा, म्हणजेच लमाण. लमाण हा शब्द लवण म्हणजे मिठावरून आला असं बरेच जण मानतात. मीठ, धान्य, कापूस पाठीवर लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन हे लोक देशभर फिरायचे. मोगलांच्या फौजा असोत, निजामाच्या असोत की इंग्रजांच्या, दख्खनमध्ये लढाई करायची तर धान्य पोचवायला बंजारे हवेतच.

सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात फिरला. त्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलंय. वाट अरुंद असली तर समोरून येणारा तांडा संपेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागायचं म्हणे. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर दोन तास अडकलो की आपण स्टोरी टाकतो, आणि इथे तीन दिवस!

यातलं गणित मात्र मस्त होतं. एक बैल शंभरेक किलो ओझं न्यायचा. तांडा दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर चालायचा. हळू का? तर बैल वाटेतच चरत जायचे. इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य, त्यामुळे वाहतूक स्वस्त. कुठल्या महिन्यात कुठे गवत आहे, कुठल्या नाल्याला पाणी आहे, कुठला उतार बैलाला झेपेल, हे सगळं नाईकाच्या डोक्यात. त्या काळचा नकाशा तोच.

मग एकोणिसाव्या शतकात काय झालं? १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोर घाटातला गाडीरस्ता खुला केला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. रेल्वे पसरत गेली तसा तांड्यांचा धंदा बसला. त्यात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. फिरतं आयुष्य जगणारा म्हणजे संशयित, असा त्या कायद्यामागचा विचार. देशाच्या अनेक भागांत पुढे बंजारा समाजातल्या गटांवरही हा शिक्का बसला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटा जपल्या, त्यांचं चालणंच गुन्हा ठरलं. हिंगोली, वाशीम, यवतमाळच्या माळांवर आज जे स्थिर तांडे दिसतात, त्यांच्यामागे हा इतिहास आहे.

घाटांच्या इतिहासात असंच आणखी एक नाव येतं, शिंगरोबा. खंडाळ्याच्या घाटात त्याचं देऊळ आहे. लोककथा अशी की शिंगरोबा नावाच्या धनगरानं इंग्रजांना घाटातली वाट दाखवली आणि त्याबदल्यात त्याला गोळी मिळाली. कथा शब्दशः खरी असो वा नसो, ती सांगते ते नीट ऐका: वाट ज्याला माहीत होती, त्याचं नाव रस्त्याच्या पाटीवर आलं नाही.

[०९:४०] हिंगोलीची छावणी आणि रस्त्यावरची भीती

आता कळमनुरीच्या शेजारी, हिंगोलीला. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. तिची एक मोठी छावणी हिंगोलीत होती, १९०३ पर्यंत. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही हिंगोलीतल्या भागांची नावं त्या छावणीची आठवण आहेत.

फौज आहे म्हणजे रस्ते सुरक्षित, असं वाटेल. पण मेडोज टेलर नावाचा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी याच हिंगोलीबद्दल वेगळंच सांगतो. ठगांवरची त्याची इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये आली, खूप गाजली. तिच्या प्रस्तावनेत तो हरीसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकिकत देतो. छावणीत प्रतिष्ठित माणूस, खुद्द टेलरनं त्याच्याशी व्यवहार केलेला. या हरीसिंगनं मुंबईहून कापड आणायचं म्हणून कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. प्रत्यक्षात त्या कापडाचा मालक दुसराच होता, माल घेऊन याच बाजूला येत होता. त्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारलं, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला.

ठगांच्या कथांमध्ये इंग्रजांनी किती मीठमसाला घातला यावर इतिहासकारांचा वाद आहे, तेव्हा ही हकिकतही तेवढं भान ठेवूनच वाचायची. पण एक गोष्ट त्यातून कळते. त्या काळी निर्जन वाट म्हणजे 'शांतता, निसर्ग, मोकळी हवा' नव्हती. ती भीती होती. लोक जथ्यानं निघायचे, दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचे. एकांतातल्या रस्त्याचं आकर्षण वाटायला आधी तो रस्ता सुरक्षित व्हावा लागतो.

[१२:००] जीपडं येतं

चला, आता इंजिन चालू करू.

१९४० मध्ये अमेरिकेच्या सैन्याला एक हलकी, चारही चाकांवर ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीनं बनवला, पण मोठं उत्पादन विलिस आणि फोर्ड यांनी केलं. दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांहून जास्त जीप तयार झाल्या.

इकडे मुंबईत १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी सुरू झाली होती, पोलादाच्या व्यापारासाठी. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याआधीच, १९४७ मध्ये, सुट्या भागांतून आणलेल्या विलिस जीप मुंबईत जोडायला सुरुवात झाली होती. आज नाशिकला तयार होणारी थार ही त्याच घराण्यातली नात म्हणा. पहिली थार २०१० ची, आताची नवी २०२० ची.

फोर बाय फोर म्हणजे नेमकं काय, तेही दोन मिनिटांत. साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. यात गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा आणखी एक डबा असतो, तो ताकद पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना वाटतो. 'लो' मध्ये टाकलं की वेग कमी, ओढ जास्त. उभा चढ, दगडांचा नाला, खोल चाकोरी यासाठी ते हवं. पण डांबरी रस्त्यावर हा दांडा तसाच ठेवून पळवायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि दोन्ही अ‍ॅक्सल एकत्र बांधलेले असले की सगळा ताण यंत्रावर येतो. आणि चिखलात? वर सांगितलं तेच. काळ्या मातीपुढे फोर बाय फोरलाही हात जोडावे लागतात.

गंमत वेगळीच आहे. खेड्यापाड्यातल्या या वाटांवर सगळ्यात जास्त फेऱ्या मारलेल्या गाड्या फोर बाय फोर नव्हत्याच. त्या होत्या काळी-पिवळी! कमांडर, ट्रॅक्स. मागे बाकडी, दाराला लटकलेली पोरं, टपावर सोयाबीनची पोती. यातल्या कित्येक गाड्या फक्त मागच्या दोन चाकांवर ओढायच्या. ड्रायव्हरला प्रत्येक खड्डा पाठ असायचा, म्हणून त्या निघायच्या. आठवडी बाजार, दवाखाना, बारावीचा पेपर, लग्नाचं वऱ्हाड सगळं त्यातच.

सार्वजनिक वाहतुकीबद्दल मराठवाड्याचा एक मान सांगून टाकतो. महाराष्ट्रातली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, हे आपल्याला माहीत असतं. पण निजामाच्या राज्यात रेल्वे खात्यानं १९३२ मध्येच २७ बसगाड्यांनी सरकारी बससेवा सुरू केली होती. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. पुढे ही सेवा मराठवाड्यापुरती आपल्या एसटीत मिसळली. मात्र बस पक्क्या रस्त्यावर थांबायची. फाट्यापासून आत तांड्यापर्यंत पायी, बैलगाडीनं, नाहीतर जीपनं.

[१५:३०] बहात्तरचा रस्ता

आता आजच्या भागातला मुख्य मुद्दा.

तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर 'बहात्तरचा दुष्काळ' एवढंच म्हणा. सुकडी आठवेल, अमेरिकेहून आलेला लाल मिलो आठवेल, आणि खडी आठवेल. १९७० ते १९७३ अशी लागोपाठ वाईट वर्षं. शेतात काम नाही, घरात दाणा नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, नालाबांध, आणि रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्या वेळी महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे पाच कोटी. म्हणजे दर दहा माणसांमागे एक माणूस दुष्काळी कामावर!

त्यात बाया मोठ्या संख्येनं. हातात हातोडा, समोर बसाल्टचा काळा दगड. खडी फोडायची, ब्रासमध्ये मोजून द्यायची, माप भरलं तर मजुरी. लहान लेकरू तिथेच झाडाखाली झोळीत.

त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक. पैनगंगेच्या पलीकडच्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे, बंजारा समाजातले. ज्या समाजाचे बैल कधीकाळी दुष्काळात धान्य पोचवायचे, त्या समाजातला माणूस इतक्या मोठ्या दुष्काळात राज्याच्या प्रमुखपदी होता.

या अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा विचार वि. स. पागे यांचा. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात प्रयोग झाला, १९७२ मध्ये ती राज्यभर नेली, १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा याच वाटेवरून पुढे गेला.

पैसा कुठून आला? नोकरी करणाऱ्यांनी आपली पगाराची स्लिप उघडा. 'प्रोफेशनल टॅक्स' दिसतोय? बहुतेकांचे महिन्याला २०० रुपये कापले जातात. महाराष्ट्रानं हा कर १९७५ मध्ये आणला, तोच मुळी रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, त्यातून गावातल्या माणसाला काम मिळायचं. कर भरताना आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असतं?

सगळं गोड होतं असंही नाही. मजुरी तुटपुंजी, पैसे उशिरा मिळायचे. घाईत काढलेली पुष्कळ कामं पाऊस पडताच अर्धवट सुटली. मातीकाम झालं, खडी पडली, पण मोरी बांधलीच नाही. पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत ओढ्यानं रस्ता खाल्ला. आज वीकेंडला तुम्ही ज्याला 'ऑफ-रोड ट्रॅक' म्हणता, तो असा अर्धा राहिलेला दुष्काळी रस्ता असू शकतो. टायरखाली येणारी ती धारदार खडी कुणाच्या तरी आजीनं फोडलेली असू शकते.

[१९:००] ज्यांच्यासाठी तो ट्रॅक नाही, रस्ता आहे

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वाट खराब असणं हे आपल्याला दोन दिवस थरारक वाटतं. तिथे राहणाऱ्याला तोच खराबपणा वर्षभर भोगावा लागतो. पावसाळ्यात बाळंतीण अडली की चिखलातून बाजेवर उचलून न्यायची वेळ येते, तेव्हा कुणी रील बनवत नाही.

२००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली, त्यातून खूप गावं डांबरी रस्त्यानं जोडली गेली. पण योजनेचा मूळ निकष लोकसंख्येचा होता, सपाट भागात ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागांसाठी २५०. मोठं गाव आधी जोडलं जातं, लहान वाडी-तांडा मागे राहतो. म्हणजे कित्येक 'अस्पर्शित' वाटा निसर्गानं जपलेल्या नाहीत, त्या यादीत खाली राहिलेल्या आहेत.

शेतातल्या वाटांचं वेगळंच. पाणंद, शिवरस्ता, धुऱ्यावरची गाडीवाट. गावनकाशात तुटक रेघांनी या वाटा दाखवलेल्या असतात. कुणी नांगरून टाकली, काटे लावले, की भांडण तहसील कचेरीत. अडवलेली वाट मोकळी करायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, शेताच्या बांधावरून रस्ता मागायला १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. एकेका पाणंदीसाठी भावकी वर्षानुवर्षं बोलत नाही. अशा वाटेवर आपण ओल्यात गाडी घालून दोन फुटांची चाकोरी पाडून आलो, तर पेरणीला बैलगाडी किंवा ट्रॅक्टर नेणाऱ्याचं काय होणार?

म्हणून जायचं तर जाच, पण शहाणपणानं. पाऊस पडून गेल्यावर काळी माती पुरती वाळू द्या. पीक उभं असेल तिथे शिरू नका. गायरान म्हणजे मोकळं मैदान नाही, ते गावाच्या गुरांचं आहे. पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला गेलात तर वनखात्याची परवानगी आधी. ओढ्याला लाल पाणी असेल तर गाडी परत वळवा. आणि वाट विचारायची ती अ‍ॅपला नाही, गुराख्याला. 'काका, पुढं गाडी जाईल का?' एवढं विचारलं की तो वाटेसोबत मागच्या चार पिढ्यांचा इतिहासही सांगतो.

बघायलाही खूप आहे. औंढा नागनाथचं यादवकालीन देऊळ, संत नामदेवांचं नर्सी, इसापूरचं पाणी, पुढे पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. तिथे नदीनं काळा बसाल्ट कापून काढलाय. मुरूम, माती, खडी, हे सगळं ज्यातून आलं तो मूळ खडक तिथे उघडा दिसतो.

[२१:४०]

जाता जाता एक काम देतो. बहात्तरच्या कामावर गेलेली माणसं आता कमी होत चाललीत. सरकारी कागदात कामाचं नाव मिळेल, खर्च मिळेल, खडी फोडणारीचं नाव क्वचितच मिळेल. तेव्हा आजी-आजोबांना, शेजारच्या मावशीला विचारा: तुम्ही कुठल्या रस्त्यावर होता? दिवसाला किती मिळायचे? सुकडी कशी लागायची? मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा, मध्ये बोलू नका. रस्त्याचं नाव आणि गावाचं नाव मात्र नीट विचारून घ्या. त्यांची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, आपण त्यावर एक वेगळा भाग करू.

आणि पुढच्या वेळी गाडी 'लो' मध्ये टाकून माळ चढाल, तेव्हा वर पोचल्यावर इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं खाली उतरून ती वाट बघा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सांभाळून चालवा.